दुर्गापरमेश्वरीतला श्व

पहिला बोर्ड दीड बाय चारचा.
पत्रा त्याचा, तेलाचा डबा ठोकून सपाट केलेला.
रंग माझा, उधार.
‘श्री दुर्गापरमेश्वरी टी हाउस’.
मी म्हटलं, कोरगप्पा, एवढं नाव बसायचं नाही.
म्हणाला, बसवा. देवीला अर्धवट कसं लिहिणार?
मग शेवटी शेवटी ‘श्व’ इतका बारीक झाला
की टिंबर मार्केटचे हमाल वर्षभर
‘परमेरीत जाऊ’ म्हणायचे.

सहा बाकडी, एक स्टोव्ह,
भुशाने भुरकट झालेली गिऱ्हाइकं.
त्याची मराठी तेव्हा ऑर्डरीपुरती:
दोन साधा, एक स्पेशल, तीन नंबरला पाणी.
बाकीची तो माझ्या पाट्या वाचून शिकला,
म्हणून बोलणं जन्मभर तसंच राहिलं.
कृपया बसा. कृपया हात धुवा. कृपया पुढे सरका.
बायकोलासुद्धा.

‘उधार बंद’ मी त्याला चार वेळा रंगवून दिलं.
चौथ्या वेळी खाली एक ओळ वाढवली, ‘ओळखीच्यांनाही’.
त्याच पाटीखाली बसून तो
लांबट वहीत दगडूच्या नावावर इडली मांडायचा.

मग डेक्कन. बारा फुटी बोर्ड, परातीवर परात बांधून
माझा पोरगा खालून रंग वर द्यायचा.
मग स्वारगेटला लॉजिंग, बावीस खोल्या.
दारांवर आकडे काढायला मी तीन दिवस तिथंच होतो,
जेवण त्याच्याकडे, भाताबरोबर कुळथाचं सार.
बाराव्या दाराशी विचारलं, तेरा गाळू?
सगळे गाळतात.
ब्रश माझ्या हातात, तो जिन्यावर बसला.
म्हणाला, कारकळहून आलो तेव्हा तेरा वर्षांचा होतो.
आठ महिने रगड्याशेजारी झोपलो,
अंगावर घ्यायला मैद्याचं पोतं.
लिहा तेरा. ठळक लिहा.

ती खोली त्यानं भाड्यानं कधीच दिली नाही.
गावाहून नवीन पोरगं कामाला आलं
की त्याची पहिली रात्र तेरा नंबरात.
पंखा, चादर, आतून कडी.
दुसऱ्या दिवशी पहाटे चारला भांडी, ते काही चुकायचं नाही.
आणि मारायचाही. मी पाहिलंय.
कप फुटला की पगारातून कापायचा,
दिवाळीला कापलेलं सगळं पाकिटात घालून परत,
वर पेन्सिलीनं लिहिलेलं: कप ११, बशी ४.

बाणेरच्या लग्नाच्या हॉलनं त्याला बसवलं.
तारखा निघाल्या, लग्नं झाली नाहीत,
बँकेचा माणूस येऊन खुर्च्या मोजून गेला.
डेक्कन विकलं.
बोर्ड पुसायलाही मलाच बोलावलं,
स्वतःची अक्षरं झाकायला पांढऱ्याचे तीन हात लागतात,
आणि तरी पावसाळ्यानंतर
‘दु’चा उकार खालून दिसायला लागतो.

हरीशनं नंतर सगळं सावरलं, ते मान्य.
निळे दिवे, फ्लेक्स, दाराला कार्ड.
आता खोल्या दोनशे एकपासून सुरू होतात.
माझं दुकान त्याच वर्षी अर्धं झालं,
अर्ध्यात भाचा मोबाइलची काच बदलतो.

परवा रिक्षातून उतरला.
काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला पत्रा.
मागच्या बाजूला अजून तेलवाल्याचं उठावाचं मोराचं चित्र,
पुढे माझी सही, हेंद्रे आर्ट्स, नाना पेठ.
म्हणाला, श्व मोठा करा.
मी म्हटलं, जागा कुठाय?
म्हणाला, चौकटीबाहेर जाऊ दे.

माझा हात हलतो आता.
त्याचाही हलतो, चहा बशीत सांडला.
दुपारभर दारातल्या स्टुलावर बसून राहिला,
एक अक्षर वाळायची वाट बघत,
माझा सगळा उजेड अडवून.

शेवटी मीच म्हटलं,
कृपया पुढे सरका.